एका बाजूला कललेलं पेन

आदरणीय वैजनाथअप्पा शेटे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथात असं लिहायचं नसतं, असं संपादक मंडळातल्या एका सदस्यांनी मला प्रेमाने बजावलं होतं. पण अप्पांच्या पंचाहत्तरीला मी गोडगोड खोटं लिहिलं, तर सगळ्यात आधी अप्पाच माझा कान धरतील. तेव्हा जे झालं तेच लिहिते.

मी झरीच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. पहिली म्हणजे अक्षर. बाकी सगळं लेकरं पुढे कुठेही शिकतात, पण 'क'चा गोल कुठून सुरू करायचा हे पहिलीत चुकलं की जन्मभर चुकतं. म्हणून मी रोज प्रत्येकाच्या दुरेघी वहीत वर एक ओळ स्वतः लिहून देते आणि खाली लेकरांनी ती गिरवायची. ओळ पुरी झाल्याशिवाय माझ्या वर्गातून कुणाला सुट्टी नाही, हा नियम गावातल्या आया-बापांनासुद्धा ठाऊक आहे. मी चिडकी आहे हेही ठाऊक आहे.

अप्पा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. उभी नोकरी त्यांनी सरकारी आयटीआयमध्ये टर्नरच्या विद्यार्थ्यांना लेथ शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर परभणीत, रेल्वे लाइनच्या पलीकडच्या आपल्या घरामागे त्यांनी पत्र्याचं शेड उभारलं, त्यात लाकूडकामाचं एक छोटं लेथ टाकलं आणि त्यावर ते पेनं, लाटणी, भोवरे करू लागले. त्यांची लेक आमच्या झरीत दिलेली. लेकीकडे यायचे ते पिशवीत भोवरे घेऊनच. एके सकाळी भोवरा तळहातावर फिरवत ते थेट माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. मग काय! सगळा वर्ग दारात आणि वह्या सताड उघड्या.

"अहो आजोबा," मी ओरडलेच, "लेकरांची ओळ अर्धी राहिलीय. ओळ पुरी झाल्याशिवाय इथून कुणाला सुट्टी नाही. तुम्हालासुद्धा नाही. बसा तिथं!"

दुसरं कुणी असतं तर बाईमाणसाचा असा सूर ऐकून तरातरा निघून गेलं असतं. अप्पा पायरीवर बसले. भोवरा खिशात घातला, टोपी सारखी केली आणि लेकरांसारखेच गप्प बसले. ओळी झाल्या, लेकरं त्यांच्याभोवती जमली, आणि मग अप्पा वर्गात येऊन माझ्या फळ्यासमोर उभे राहिले. फळ्यावरची माझी ओळ त्यांनी शेवटपर्यंत निरखली.

"बाई, चुकलं आमचं," ते म्हणाले. "पण एक सांगू का? फिरती वस्तू मधोमध धरलेली नसंल, तर ती डुगायली असं आमी म्हनतो. तुमचं अक्षर बगा, जरा बी डुगत न्हाई."

मोत्यासारखं अक्षर म्हणणारे मला खूप भेटले. डुगत नाही म्हणणारे अप्पा एकटेच. त्या दिवसापासून ते झरीला आले की माझी ओळ संपेपर्यंत पायरीवर बसायचे आणि मगच भोवरे काढायचे.

पुढे हरभऱ्याच्या मळणीत माझा उजवा हात मळणीयंत्रात गेला. शेत आमचंच, यंत्र आमचंच, कुणाला बोल लावावा असं काही नव्हतं. अंगठा गेला. शेजारचं बोट राहिलं, पण ते ताठ, दुमडतच नाही. एवढंच लिहिते. त्याच्या पलीकडचं मला अजूनही आठवायचं नाही.

जखम भरली तशी मी शाळेत रुजू झाले. डाव्या हाताने लिहायला शिकले. घरचे म्हणाले, बघ, जमतंय की. मलाही वाटलं, जमतंय. मग एक दिवस वह्या तपासायला घेतल्या. सगळ्या वर्गाचा 'क' डावीकडे कललेला. एकाचा नाही, दोघांचा नाही, सगळ्यांचा! मी डाव्या हाताने जशी वाकडी ओळ लिहून दिली होती, तशीच लेकरांनी इमानेइतबारे गिरवली होती. मधूनमधून मी उजव्या हाताच्या उरल्या बोटांत खडू अडकवून बघायची. तेही कुणीतरी बघत होतं. एक चिमुरडी अंगठा मुठीत दाबून, दोन बोटांच्या बेचक्यात पेन्सिल धरून लिहीत होती.

"असं का गं धरलंस?"

"बाई असंच धरतेत."

त्या लेकराचं काय चुकलं? लेकरं बाईंचं ऐकत नाहीत, बाईंसारखं करतात. मी घरी आले आणि मालकांना सांगितलं की मी नोकरी सोडते. माझ्यामुळे अख्खा वर्ग वाकडं लिहायला लागला, तर मला त्या खुर्चीत बसायचा हक्क नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मनातल्या मनात लिहूनसुद्धा झाला होता. तो सरळ अक्षरात उतरवायलाच काय तो हात नव्हता.

ही गोष्ट लेकीकडून अप्पांच्या कानावर गेली. ते आले, पायरीवर बसले, शाळा सुटायची वाट बघितली. माझ्या हाताकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी तो पदराखाली ठेवायची तेव्हा. ते फळ्याकडे बघत होते.

"बाई, रविवारी परभणीला घरी या. मालकांनाबी आना. अक्का जेवायला वाढंल."

एवढंच. 'मी करतो काहीतरी' असं नाही, 'काळजी करू नका' असं नाही. आम्ही गेलो. घरामागून लेथची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला आणि मी आल्या पावली दाराकडे वळले. फिरणाऱ्या कुठल्याही यंत्राचा आवाज मला तेव्हा सहन होत नव्हता. शेजारी पिठाची गिरणी लागली तरी मी आतल्या खोलीत जायची. गिरजाक्कांनी, म्हणजे अप्पांच्या पत्नींनी, माझं तोंड बघितलं आणि परसात जाऊन एवढंच म्हणाल्या, "बंद करा वो ते." मोटार बंद झाली. अप्पा हातात एक पोलादी वस्तू घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. मला शेडमध्ये चला म्हणून ते कधीही म्हणाले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

ती वस्तू म्हणजे कॉलेट. ज्यांनी लेथ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी, अप्पांनी मला सांगितलं तसंच, सांगते. लेथवर लाकडाचा तुकडा गरागरा फिरतो आणि कारागीर त्यावर पटाशी धरून तो गोल तासतो. तो तुकडा ज्यात घट्ट धरलेला असतो तो चक. साध्या चकाला तीन जबडे असतात. ते लाकडाला तीनच ठिकाणी चावतात आणि वण ठेवतात. पेनासारखं नाजूक काम असलं की वण चालत नाही. तिथे कॉलेट लागतं. ते एक पोलादी बोंडच, अंगाला उभ्या चिरा पाडलेल्या. वरून नट आवळला की त्या चिरा मिटतात आणि बोंड सगळ्या बाजूंनी सारखं आवळतं. कासारीण बांगड्या भरताना मनगट कसं धरते? हलू देत नाही, पण दुखूही देत नाही. तसं.

"आमचे उस्ताद म्हनायचे," अप्पा म्हणाले, "जकडो मत, थामो. जखडायचं न्हाई, धरायचं. बाई, पेन जखडून लिवता येतंय का?"

मी नाही म्हणाले. अक्कांनी परातीतला कणकेचा गोळा उचलून माझ्या उजव्या हातात दिला. "धरा बाई, लेखनी धरल्यावानी धरा." पदराखालचा हात मी घरच्यांशिवाय कुणासमोर पहिल्यांदा बाहेर काढला तो असा, कणकेसाठी. कणकेवर माझ्या उरल्या बोटांचे ठसे उमटले. अप्पांनी तो गोळा बशीत ठेवून खिडकीत नेला आणि आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतर अप्पांनी जे पेन केलं ते बघण्यासारखं होतं. जाड, बाभळीच्या लाकडाचं, काळसर लाल रेषांचं, असं गुळगुळीत की गालाला लावावं. मी ते धरलं आणि ते माझ्या बोटांत फिरलं. अंगठा नाही, अडवणार कोण? अप्पांनी दुसरं केलं, अधिक जाड. तेही फिरलं. तिसरं त्यांनी मधे खोलगट केलं. ते तर निसटून खालीच पडलं. दर खेपेला ते पेन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांसमोर धरायचे, बोटांत फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "कुठं बी डुगत न्हाई." खरंच डुगत नव्हतं. कुठल्याही टर्नरने हेवा करावा इतकी ती पेनं बिनचूक गोल होती. आणि माझ्या उपयोगाची एकही नव्हती.

तिसऱ्या पेनानंतर अप्पा पानावरून अर्धे जेवून उठले. मी म्हणाले, "अप्पा, राहू द्या आता. तुम्ही केलं तेवढं पुष्कळ." मनात म्हटलं, उद्या अर्ज देऊन टाकते. तेवढ्यात अक्का आतून कडाडल्या.

"गोल गोल काय करायलाव कवापासून? तो कनकीचा गोळा बगा की! एका अंगानं चेपलाय. बाईच्या हाताला मधोमध न्हाईच, आनि तुमी मधोमधच धरून बसलाव."

अप्पा उंबऱ्यावर उभेच राहिले. मग खिडकीतला वाळून दगड झालेला तो गोळा त्यांनी उचलला आणि शेडमध्ये गेले.

इथे अप्पांच्या शिकवण्याबद्दल चार शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. आयटीआयमध्ये त्यांच्या नावाने पोरं चळाचळा कापत. कॉलेट आधी नटात बसवायचं, टक्क आवाज झाला पाहिजे, मगच नट चकावर फिरवायचा. कुणी घाईने कॉलेट तसंच चकात टाकून वरून नट लावला, की ते आत रुतून बसणार आणि त्या पोराचा दिवस ते काढण्यात जाणार. अप्पा मदत करत नसत, पण शेवटपर्यंत शेजारी उभे राहत. दुसरा नियम, रिकामं कॉलेट कधी आवळायचं नाही. आत काही नसताना आवळलं की त्याचं तोंड मिटून बिघडतं, पुन्हा सारखं उघडत नाही. म्हणून काम संपलं तरी त्यात लाकडाचा एक तुकडा ठेवून जायचं. संध्याकाळी सगळ्या मशिनींवरून ते हात फिरवून बघत की तुकडा आहे ना. घरीही तसंच. अक्का म्हणतात, "मशीनला बी रिकामं बसू देईनात, मग मी कोन लागून गेले?" आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात मोठा गुन्हा. कॉलेट आणि चक यांच्या मधे लाकडाचा बारीकसा कचरा राहिला, की तुकडा मधोमध बसत नाही, डुगतो. असं झालं की अप्पा सगळा वर्ग थांबवत, चक खोलायला लावत, ब्रशने पुसायला लावत. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज मोठ्या कारखान्यांत आहेत, पण डुगणारं काम दिसलं की अजून त्यांच्या पाठीला घाम फुटतो.

आणि त्याच अप्पांनी माझ्यासाठी मुद्दाम डुगणारं काम केलं.

त्यांनी पितळेचं एक बूच केलं. त्याला भोक पाडलं ते मधे नाही, एका कडेला. बुचाला उभी चीर दिली, ते कॉलेटमध्ये बसवलं, आणि त्या कडेच्या भोकात पेनाचा तुकडा अडकवला. म्हणजे आता कॉलेट मधोमध फिरणार, पण पेन मधोमध नाही. मोटार सुरू झाली. मी स्वयंपाकघरातून उठले. का उठले ते मला सांगता येणार नाही. भीती गेली होती असंही नाही. पण शेडच्या दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उभी राहिले. लाकूड असं फिरत होतं की त्याची एक कड दिसायची आणि एक भास. पटाशी लावली की नेहमीसारखा सलग आवाज नाही, टक टक टक टक. प्रत्येक फेऱ्यात एकाच अंगाला लागत होती. अप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. देवघरात चपला घालून शिरावं लागलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"अख्खी नोकरी ह्याच्यापायी पोरांना बोल बोल बोललो," माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आनि आज मीच करायलोय."

पेन झालं. टोक बरोबर मधोमध, रिफिल सरळ, पण धरायची जागा एका बाजूला कललेली. एका अंगाला चपटी, दुसऱ्या अंगाला कड. ती कड माझ्या ताठ बोटाखाली बसली, चपटा भाग मधल्या बोटावर टेकला. मी पेन उलटं केलं, हलवलं. फिरलं नाही. अक्कांनी कॅलेंडरचं जुनं पाठकोरं पान पुढे ठेवलं. मी 'क' लिहिला. उभा. सरळ. त्याच्याशेजारी आणखी एक लिहिला, मग आणखी एक, आणि मग मला समोरचं दिसेना.

"आता रडून कागद भिजवू नका बाई," अक्का म्हणाल्या. "लिवा. ओळ पुरी करा."

मी ओळ पुरी केली. अप्पा शेडच्या दारात पाठमोरे उभे राहून फडक्याने कॉलेट पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

पेनाने वह्यांचं काम भागलं, पण फळा राहिला होता. खडू ठिसूळ, त्याला बाजूने कड कुठून देणार? अप्पांनी तसाच कललेला एक लाकडी दांडा केला, त्याच्या तोंडाला चार चिरा दिल्या आणि वरून पितळी कडी चढवली. खडू आत सरकवायचा, कडी पुढे ओढायची, की तोंड सगळीकडून सारखं मिटतं. खडू हलत नाही आणि मोडतही नाही. थोडक्यात, चकातलं कॉलेट काढून अप्पांनी माझ्या हातात दिलं. तो दांडा मी आजही रोज वापरते. अर्ज मी कधीच दिला नाही. त्या वर्षीच्या लेकरांचा 'क' दिवाळीच्या सुट्टीआधी सरळ झाला, आणि त्या चिमुरडीचा अंगठा मुठीतून बाहेर आला. तिची वही मी अप्पांना दाखवायला मुद्दाम परभणीला नेली होती. त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक पान बघितलं आणि म्हणाले, "लेकरू सरळ फिरायलंय आता."

माझा हात बघून मग इतर माणसं अप्पांकडे यायला लागली. पाथरीचे एक शिंपीकाका, बोटं आखडलेली, त्यांना कात्रीसाठी मूठ हवी होती. अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या एका वकीलसाहेबांना सहीसाठी पेन हवं होतं. प्रत्येकाला अप्पा आधी जेवायला बसवत आणि अक्का कणकेचा गोळा देत. शेडच्या फळीवर असे वाळलेले गोळे ओळीने मांडलेले असत. नवीन माणूस विचारी, हे काय? अक्का सांगत, "आमच्या घरात देव कमी आनि गोळेच जास्ती."

आता यापुढचं लिहिताना मन जड होतं, पण लिहायला हवं.

गेल्या काही काळापासून अप्पांचे हात थरथरतात. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग पटाशी लाकडावर उड्या मारू लागली. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषधाने थोडं कमी होईल, जाणार नाही. एका सकाळी अप्पांनी लेथ पुसलं, कॉलेटमध्ये लाकडाचा तुकडा ठेवून नट लावला, वर जुनं धोतर पांघरलं आणि शेडला कुलूप घातलं. कुणाला काही बोलले नाहीत. अक्कांनी मला फोन केला तेव्हा त्या रडत होत्या. त्यांना मी त्याआधी कधी रडताना ऐकलं नव्हतं.

या ग्रंथासाठी गौरव समितीला अप्पांची सही हवी होती, पहिल्या पानावर फोटोखाली छापायला. मंडळी घरी गेली, मीही बरोबर होते. अप्पांनी पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं, आणि नुसतीच एक वेडीवाकडी रेघ उमटली. त्यांनी पेन खाली ठेवलं. हसले, पण ते हसू बघवत नव्हतं.

"राहू द्या मंडळी. अंगठा घ्या माझा."

मला राग आला. आवरलाच नाही.

"अप्पा," मी म्हणाले, "अंगठा आहे म्हणून इतकं मिरवू नका. सगळ्यांकडे नसतो."

समितीची मंडळी हबकली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं आणि खांदे हलेस्तोवर हसले. त्या हसण्याच्या जोरावर मी म्हटलं, "शेडची किल्ली द्या. पेन मी करते."

ज्या बाईला गिरणीचा आवाज सहन होत नव्हता तिने त्या दिवशी मोटारीचं बटण दाबलं. दोनदा हात मागे घेऊन मग दाबलं, खोटं कशाला बोलू? अप्पा शेजारी स्टुलावर. माझा हात कुठे आहे, पदर खोचलाय की नाही, यावरून त्यांची नजर क्षणभरही हलली नाही. पाणी पिऊन येते म्हटलं तर म्हणाले, "आधी मशीन बंद, मग पानी." लाकूड चिंचेचं घेतलं, जाडजूड, आत पितळेची सळई, कारण थरथरत्या हाताला वजन लागतं.

"आधी नटात. टक्क वाजलं का?"

"वाजलं."

"न्हाई वाजलं. मला ऐकू कमी येत न्हाई. पुन्ना."

मालकांना परभणीत कामं काढायला लावून मी कित्येक रविवार तिथे घालवले. एक पेन बरं झालं असं वाटून मी अप्पांना दिलं. त्यांनी ते काचेच्या एका सपाट तुकड्यावर ठेवून घरंगळत सोडलं.

"डुगायलंय."

"अप्पा, मला तुम्ही डुगणारंच दिलं होतं की!"

"ते मी मुद्दाम केलतं, बाई. हे तुमच्यानं झालंय."

मग दुसरं केलं. ते त्यांनी काचेवर दोनदा सोडलं, काही बोलले नाहीत आणि खिशाला लावलं. अक्का म्हणाल्या, यापेक्षा मोठं शाबास त्यांनी आयटीआयात बी कुणाला दिलं नसंल.

त्या पेनाने अप्पांनी सही केली. वाचकहो, ती या ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे. वळणं थोडी हलली आहेत, पण 'वैजनाथ' वाचता येतं आणि ते त्यांच्याच हातचं आहे. सही करून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"कसं हाय बाई? खरं सांगा."

पहिलीच्या बाईला अक्षराबाबत खोटं बोलता येत नाही. आणि डुगण्याबाबत अप्पांशी तर कुणालाच येत नाही.

"डुगतंय, अप्पा."

"मग?"

मग मी पिशवीतून एक नवी दुरेघी वही काढली. त्यांनी दिलेल्या कललेल्या पेनाने पहिल्या पानावर वर एक ओळ लिहिली, उभी, सरळ, आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हापासून अप्पा रोज सकाळी न्याहारीआधी एक ओळ गिरवतात. मी दर रविवारी जाऊन वही तपासते आणि पुढच्या आठवड्याच्या ओळी लिहून देते. अक्का सांगतात की कधीकधी अर्ध्या ओळीतच ते दमतात, पेन ठेवतात आणि म्हणतात, आता बास झालं.

अप्पा, तुमच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी तुम्हाला शतायुषी व्हा म्हटलं असेल. मी नुसतं म्हणणार नाही. तुम्हाला उदंड आयुष्य लाभावं, अक्कांचा आवाज असाच खणखणीत राहावा, हे मी तुमच्याच नावाच्या देवाला, वैजनाथाला मागतेच. पण तुम्हाला मात्र मी बाई म्हणून सांगते. तुमच्यासाठी मी वह्यांचा गठ्ठा आणून ठेवलाय आणि तो बराच उंच आहे. पहिल्याच भेटीत तुम्ही पायरीवर बसून माझा नियम मान्य केला होता. ओळ पुरी झाल्याशिवाय माझ्या वर्गातून कुणाला सुट्टी नाही. तुम्हालासुद्धा नाही.